तबल्याच्या शाईचे कोडे आणि सर चंद्रशेखर वेंकट रामन



२८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ सालापासून आपल्या देशात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी आपल्या भित्तिपत्रकावर सर सी. व्ही. रामन यांचे चित्र लागते. डोक्याला फेटा, अंगात कोट. खाली चार ओळी असतात. त्यांनी रामन परिणाम शोधून काढला आणि त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मागच्या वर्षी त्या चार ओळी मीच लिहिल्या होत्या. खरे सांगायचे तर त्यातले मला काहीच समजले नव्हते. अक्षर चांगले म्हणून मला लिहायला दिले होते, एवढेच.

यंदा गुरुजींनी वर्गात सांगितले, की रामन यांनी प्रकाशाच्या आधी कितीतरी वर्षे आवाजाचा अभ्यास केला. आणि तोही कसला, तर तबल्याचा, मृदंगाचा, एकतारीचा, तंबोऱ्याचा. हे ऐकून मी चाटच पडले. कारण आमच्या घरी पखवाज आहे. आजोबा गावच्या भजनी मंडळात वाजवतात. म्हणून यंदा रामन यांचे चरित्र मी त्या बाजूने लिहिते आहे.

आधी पखवाजाची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचे कळेल. आमचे गाव लातूर जिल्ह्यात आहे, पण नांदेडची शीव अगदी जवळ. गेल्या श्रावणात सप्ताह आठ दिवसांवर आला आणि पखवाजाच्या शाईचा टवका उडाला. शाई म्हणजे उजव्या तोंडावर मधोमध जो काळा गोल असतो तो. टवका एवढासाच, चिंचोक्याएवढा. पण पखवाज एकदम मुका झाला. आजोबांनी गट्टे ठोकून बघितले, गजऱ्यावर हातोडी मारून बघितली. सूर काही लागेना. थाप मारली की पत्र्याच्या डब्यावर मारल्यासारखा भद्द आवाज येई. आजोबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला वाटले, एवढे काय त्यात? चामडे तर फाटलेले नाही. एवढ्याशा काळ्या खपलीने असे काय बिघडते?

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी रामन यांना पडला होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी दक्षिणेत तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील कॉलेजात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत. पुढे त्यांची नेमणूक विशाखापट्टणला झाली आणि रामन यांचे बालपण तिथे समुद्राकाठी गेले. वडिलांना संगीताचा नाद होता. ते स्वतः व्हायोलिन वाजवीत. म्हणजे एका खोलीत पदार्थविज्ञानाची पुस्तके आणि दुसऱ्या खोलीत व्हायोलिन, असे ते घर. रामन प्रकृतीने किरकोळ, पण बुद्धी विलक्षण. अकराव्या वर्षी मॅट्रिक झाले! आपल्या वर्गात सगळे बारा-तेरा वर्षांचे आहेत, तेव्हा आपण काय ते समजून घ्यावे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली ते बी.ए.ला पहिले आले आणि सुवर्णपदक मिळवले. १९०७ साली एम.ए. झाले. त्याच्या आधीच, १९०६ साली, त्यांचा पहिला शोधनिबंध इंग्लंडच्या मासिकात छापून आला होता.

कॉलेजात असताना त्यांनी हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचे स्वरांवरचे पुस्तक वाचले. सूर म्हणजे काय, दोन सूर एकत्र गोड का लागतात आणि कधी कर्कश का लागतात, हे त्यात मांडलेले होते. या पुस्तकाने त्यांच्या मनावर खोल ठसा उमटवला.

त्या काळी आपल्या देशात शास्त्रज्ञ म्हणून पोट भरायची सोय नव्हती. हुशार मुलगा म्हणजे विलायतेला जाणार, मोठा अंमलदार होणार. रामन यांना तब्येतीमुळे विलायतेला जाऊ दिले नाही. मग त्यांनी सरकारच्या वित्त खात्याची परीक्षा दिली. त्यातही पहिलेच आले. १९०७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते कलकत्त्याला हिशेब खात्यात साहेब म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वीणा वाजवीत.

आता नोकरी चांगली, पगार चांगला, बंगला, मान. आमच्याकडे म्हणतात तसे, गंगेत घोडे न्हाले. पण रामन यांचे मन हिशेबात रमेना. एके दिवशी ट्रामने जाताना त्यांना बहूबाजार रस्त्यावर एक पाटी दिसली. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. ही संस्था डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली. इमारत होती, उपकरणे होती, फक्त काम करणारे कोणी नव्हते. रामन तिथे गेले. आशुतोष डे नावाच्या गृहस्थांनी दार उघडले. त्या दिवसापासून पुढची पंचवीस वर्षे हे आशुबाबू रामन यांच्या हाताखाली राबले.

रामन पहाटे साडेपाचला संस्थेत जात. पावणेदहाला घरी येऊन घाईघाईत आंघोळ-जेवण उरकून कचेरीत. पाच वाजता कचेरी सुटली की परत संस्थेत. रात्री साडेनऊ-दहाला घरी. रविवारी तर दिवसभर तिथेच. या कामाचा एक पैसा मिळत नव्हता. असे दहा वर्षे चालले, मधली बदलीची वर्षे सोडली तर.

आता रामन तिथे कशाचा अभ्यास करीत होते ते समजण्यासाठी आवाज म्हणजे काय ते बघू. पालकांनी कंटाळू नये, थोडक्यात सांगते.

प्रार्थनेला आपण रांगेत उभे असतो. मागचा पोरगा पुढच्याला धक्का देतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि धक्का पहिल्या नंबरापर्यंत पोचतो. (मग छडी पहिल्याला मिळते, ही वेगळी गोष्ट.) पोरे आपल्या जागेवरच असतात. पुढे गेला तो फक्त धक्का. आवाज अगदी असाच चालतो. चामडे थरथरले की शेजारची हवा दाबली जाते, ती पुढच्या हवेला दाबते. चामडे मागे गेले की हवा विरळ होते. दाट, विरळ, दाट, विरळ अशी लाट कानापर्यंत येते आणि कानाचा पडदा तसाच थरथरवते. हवा स्वतः तबल्यापासून कानापर्यंत येत नाही. तसे असते तर टाळ वाजल्यावर वारा सुटला असता.

ही लाट हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जाते. म्हणजे एक किलोमीटरला तीन सेकंद. वीज चमकली की एक, दोन, तीन मोजा. तिसऱ्या अंकाला गडगडाट झाला तर वीज एक किलोमीटरवर पडली, हे आमच्या शेतात सगळ्यांना येते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, लोखंडात जवळपास ५००० मीटर. बाकाला कान लावून दुसऱ्या टोकाला नखाने टिचकी मारायला सांगा, केवढा मोठा आवाज येतो बघा.

जमिनीतूनही अशी लाट जाते. आपल्या भागात हे कोणाला सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. आजोबा सांगतात, जमीन हलली तेव्हा पोटातून घुमल्यासारखा मोठा आवाज आला होता. भूकंपाची पहिली लाट आवाजासारखीच असते, दाबत आणि सैल सोडत जाणारी. खडकातून ती सेकंदाला पाच-सहा किलोमीटर धावते. आजोबा हे सांगताना नेहमी गप्प होतात, म्हणून मी जास्त विचारले नाही.

लाटा सेकंदाला किती येतात त्यावर सूर ठरतो. जास्त आल्या तर आवाज उंच, कमी आल्या तर खर्जातला. सेकंदाला वीसपासून वीस हजारपर्यंत आपल्या कानाला ऐकू येतात.

रामन यांनी १९०९ साली एकतारीवर लेख लिहिला. आपल्याकडे दारावर येणाऱ्या गोसाव्याच्या हातात असते ती एकतारी. गोऱ्या साहेबांना पियानो आणि व्हायोलिन माहीत, एकतारी कोण विचारतो? पण रामन यांना त्यात पदार्थविज्ञान दिसले. नुसती तार हवेला फारशी हलवू शकत नाही, ती सुतासारखी बारीक. तिचे कंपन चामड्याला मिळते आणि चामड्याचा पसारा मोठा म्हणून हवा जोरात हलते. तारेचे हे देणे चामड्याला कसे पोचते, याचा तो विचार होता.

त्याच वर्षी त्यांची बदली रंगूनला झाली आणि १९१० साली आपल्या नागपूरला. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती. पुस्तकात रामन यांच्या नागपूरच्या दिवसांना एखादी ओळ मिळते, पण मला ती ओळ फार आवडली. कारण कलकत्त्याची प्रयोगशाळा हजार-बाराशे किलोमीटर दूर राहिली, तरी यांचे काम थांबले नाही. घरातच प्रयोग मांडून त्यांनी तारांच्या कंपनाचा अभ्यास चालू ठेवला. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि रात्री तारा. १९११ साली ते परत कलकत्त्याला गेले.

तिथे कलकत्ता विद्यापीठाचे सर आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना पालित प्राध्यापकाची जागा देऊ केली. पगार सरकारी नोकरीच्या जवळपास निम्मा. शिवाय अट अशी, की या जागेवर येणाऱ्याने आधी परदेशात जाऊन शिकून यावे. रामन यांनी पगार कमी झाला त्याला हरकत घेतली नाही, पण ही अट साफ नाकारली. शेवटी विद्यापीठाने अट सोडली. १९१७ साली रामन यांनी साहेबी नोकरीचा राजीनामा दिला. माझ्या वडिलांना हे वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले की असे धाडस एकट्याच्या जिवावर होत नाही, घरची साथ लागते. मला वाटते लोकसुंदरीबाईंचे नाव म्हणूनच मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. कागदावर जागा नसल्याने मी लिहिले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. शाईकडे.

आधी तार घ्या. तार छेडली की ती सगळी मिळून हलते, आणि त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही हलते. समजा सगळी तार सेकंदाला १०० वेळा हलली, तर तिच्यातून २००, ३००, ४००, ५०० असेही बारीक सूर निघतात. दुप्पट, तिप्पट, चौपट. हे आकडे एकमेकांशी जुळतात, म्हणून कानाला सगळे मिळून एकच गोड सूर ऐकू येतो.

चामड्याचे तसे नाही. हलगी घ्या. सगळीकडे सारखे ताणलेले, सारख्या जाडीचे गोल चामडे. गणिताने काढले तर पहिले कंपन १०० असताना पुढची येतात १५९, २१४, २३०, २६५ अशी. कशाचा कशाला मेळ नाही. म्हणून हलगीचा नाद अंगावर येतो, पाय थिरकवतो, पण तिला सा लावता येत नाही. यात हलगीचा कमीपणा मुळीच नाही. तिचे काम जत्रेत कोसभर ऐकू जाणे, आणि ते ती तबल्यापेक्षा शंभर पटीने चांगले करते. पण युरोपातल्या शास्त्रज्ञांनी त्यांचे ढोल बघून असे ठरवून टाकले होते, की गोल चामड्याच्या वाद्यातून तारेसारखा सूर निघणे नाही. हेल्महोल्ट्झच्या पुस्तकात तेच, लॉर्ड रॅले यांच्या पुस्तकात तेच. आणि ते गणित चुकीचेही नव्हते.

रामन यांनी मात्र लहानपणापासून मृदंग ऐकला होता. मृदंग तर सुरात लागतो! गवयाच्या तंबोऱ्याशी जुळवून घेतात तो. मग पुस्तक खरे की कान खरे?

१९२० साली रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांचा या विषयावरचा लेख इंग्लंडच्या नेचर या नियतकालिकात आला. त्यात त्यांनी दाखवले, की आपल्या मृदंग-तबल्याच्या पुडीतून निघणारे सूर तारेसारखे, म्हणजे १००, २००, ३००, ४००, ५०० असे जवळपास तंतोतंत जुळतात. आणि हे सगळे त्या मधल्या काळ्या शाईमुळे. मधोमध वजन आले की चामड्याची काही कंपने जास्त मंदावतात, काही कमी. वजन नेमके असेल, मध्ये जाड आणि कडेला पातळ होत गेलेले असेल, तर ती विसंवादी कंपने सरकून बरोबर आपापल्या जागी येऊन बसतात. कडेला जी चाट असते, ती वरचे नको असलेले सूर दाबून टाकते.

पुढे बंगळूरला गेल्यावर १९३४ साली त्यांनी यावर मोठा लेख लिहिला. प्रयोग किती साधा बघा. पुडीवर बारीक वाळू भुरभुरायची आणि वेगवेगळ्या ठिकाणी बोट टेकवून थाप मारायची. चामडे जिथे हलते तिथली वाळू उडून जाते. जिथे स्थिर राहते तिथे साचते. मग वाळूच्या रेघा दिसतात. कधी एक सरळ रेघ मधून जाणारी, कधी दोन रेघांची फुली, कधी गोल कडे. पहिल्या सुराला रेघच नाही, सगळे चामडे एकदम हलते. दुसऱ्याला एक रेघ. तिसऱ्याला दोन रेघांची फुली किंवा एक कडे. चौथ्याला तीन रेघा, किंवा एक रेघ आणि एक कडे. पाचव्याला तीन तऱ्हेच्या आकृत्या. मोजा, एकूण नऊ तऱ्हेची कंपने झाली. साध्या चामड्यात या नवांचे सूर वेगवेगळे आणि बेताल असतात. तबल्यात मात्र ती नऊ कंपने पाच सुरांत येऊन बसतात. नऊ भांडकुदळ पोरांना पाच बाकांवर गुण्यागोविंदाने बसवणारा मास्तर म्हणजे ती शाई.

आणि ही शाई भरली कोणी? ज्याने ती पहिल्यांदा भरली त्याचे नाव कोणाला माहीत नाही. त्याच्याजवळ ना गणित होते ना दुर्बीण. कान होता आणि बोटे होती. पुस्तकांनी जे होणार नाही म्हणून सांगितले, ते आपल्या कारागिरांनी कितीतरी पिढ्या आधी करून ठेवले होते, हे रामन यांनी जगाला सांगितले. कारागिरांची थोरवी त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली नाही. मला रामन यांचे हे सगळ्यात मोठे वाटते, नोबेलपेक्षासुद्धा. गुरुजींना हे वाक्य थोडे जास्त वाटले, पण त्यांनी खोडले नाही.

आमचा पखवाज सप्ताहाच्या पाच दिवस आधी आजोबा नांदेडला घेऊन गेले. मी सोबत होते. कारागीर वयस्कर होते. त्यांनी जुनी शाई सगळी खरवडून काढली. मग लोखंडाची भुकटी आणि भाताची खळ यांचा काळा लगदा केला. बोटाने एक पातळ थर लावला, गुळगुळीत दगडाने घोटला, वाळू दिला. मग त्यावर थोडा लहान दुसरा थर. घोटला. असे किती थर लावले, माझी मोजणी चुकली. दर दोन-तीन थरांनी ते बोटाने टिचकी मारून कान देत. घोटून घोटून शाईला बारीक बारीक भेगा पडतात, त्या मुद्दाम पाडतात, नाहीतर शाई आखडते आणि चामड्याला हलू देत नाही. त्यांनी वजनकाटा वापरला नाही. एकदा टिचकी मारून मान हलवली आणि पुढचा थर लावलाच नाही. मी विचारले, आता बस कसे कळले? ते हसले आणि पखवाज माझ्याकडे सरकवला. मी थाप मारली. तो आवाज दुकानात किती वेळ घुमत होता! आजोबांनी डोळे पुसले आणि मग कारागिरांच्या पाया पडले, वयाने ते धाकटे असूनसुद्धा.

तेव्हा मला रामन यांची वाळू माहीत नव्हती. आता वाटते, त्या बोटांना त्या नऊ आकृत्या न बघताच कळत असतील.

रामन यांच्या आयुष्यातली आणखी एक आवाजाची गोष्ट आपल्याला जवळची आहे. १९२१ साली ते प्रथम विलायतेला गेले. लंडनला सेंट पॉल नावाचे मोठे चर्च आहे. त्याच्या घुमटाखालच्या सज्जात भिंतीशी कुजबुजले की ते पलीकडच्या बाजूला ऐकू येते. सगळे पाहुणे कुजबुजून बघतात, हसतात आणि घरी जातात. रामन तिथे उपकरणे घेऊन गेले! आवाजाची लाट गोल भिंतीला बिलगून पुढे सरकते हे रॅले यांनी सांगितले होते. रामन यांना त्यापुढचे सापडले, की भिंतीपासून आत सरकत गेले तर आवाज नुसता कमी होत जात नाही, तो कमी होतो, पुन्हा वाढतो, पुन्हा कमी होतो. भारतात परतल्यावर त्यांनी आपल्याकडच्या अशा इमारती तपासल्या, त्यात विजापूरचा गोल घुमट होता. लातूर-सोलापूरकडून शाळेच्या सहली जातात तोच. महंमद आदिलशहाची ती कबर १६५६ साली पुरी झाली. घुमट आतून सुमारे ३८ मीटर रुंद आहे. एका बाजूला कागद चुरगाळला तरी समोरच्या बाजूला ऐकू येतो. सहलीला गेलेल्यांनी तिथे नुसत्या किंकाळ्या मारू नयेत, भिंतीला गाल लावून हळू बोलावे, ही माझी विनंती.

तंबोऱ्याबद्दलही त्यांनी लिहिले आहे. जवारीच्या घोडीवर दोरा सरकवला की तार गुंजायला लागते, त्याचे कारण त्यांनी १९२१ साली मांडले. पुढे जर्मनीत पदार्थविज्ञानाचा मोठा कोश निघाला, तेव्हा वाद्यांवरचे प्रकरण लिहायला रामन यांनाच बोलावले. ते १९२७ साली छापले गेले.

याच विलायतेच्या प्रवासात बोटीवरून समुद्राचा निळा रंग बघून त्यांना प्रकाशाचे वेड लागले. तिथून पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणाम सापडला, सोबत के. एस. कृष्णन होते. १९३० साली नोबेल मिळाले. विज्ञानातले हे पारितोषिक मिळवणारे ते आशिया खंडातले पहिले. १९५४ साली भारतरत्न. पण एक लक्षात ठेवा, प्रकाश आणि आवाज यांची त्यांनी पुढे गाठही घालून दिली. १९३५ च्या सुमारास नागेंद्र नाथ यांच्यासोबत त्यांनी दाखवले, की कानाला ऐकू न येणाऱ्या अति उंच आवाजाच्या लाटा द्रवातून सोडल्या तर त्यातून जाणारा प्रकाश फाकून अनेक किरणांत वाटला जातो. आवाजाने प्रकाश वळतो!

आता एक गोष्ट मला लिहावीशी वाटते, जी चांगली नाही. १९३३ साली रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात पहिली आलेल्या कमला भागवत यांनी तिथे प्रवेश मागितला. रामन यांनी नकार दिला. कारण एकच, त्या स्त्री होत्या. कमलाबाई हटल्या नाहीत. संस्थेत येऊन उभ्या राहिल्या. मग एक वर्ष काम बघू, पसंत पडले तर ठेवू, अशा अटीवर घेतले. त्यांनी असे काम केले की रामन यांना मत बदलावे लागले आणि मुलींना तिथे वाट खुली झाली. पुढे कमलाबाई केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आल्या आणि कमला सोहोनी या नावाने प्रसिद्ध झाल्या. मृदंग बनवणाऱ्या निरक्षर कारागिराची बुद्धी ज्यांना दिसली, त्यांना समोर उभ्या हुशार मुलीची दिसू नये, याचे मला फार वाईट वाटले. वर्गातल्या मुलांनी हे वगळायला सांगितले होते. मुलींनी ठेवायला सांगितले.

१९४८ साली रामन यांनी बंगळूरला स्वतःची संस्था उभारली. शाळेतली मुले आली की ते आपले हिरे, स्फटिक, रंगीत खडे काढून दाखवीत आणि स्वतःच मुलांपेक्षा जास्त रंगून जात. शेवटपर्यंत ते तिथेच राहिले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे संस्थेच्या बागेतच अग्नी दिला. तिथे आता स्मारकाचा दगड नाही, एक झाड आहे.

पालकांसाठी सूचना : या कागदाच्या खाली टेबलावर एक डबा ठेवला आहे. त्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधले आहे आणि वर चिमूटभर रवा आहे. डब्याजवळ तोंड नेऊन मोठ्याने आ म्हणा. रवा नाचतो. सूर हळूहळू चढवत न्या, म्हणजे कुठेतरी तो रेघेत गोळा होतो. फुंकर मात्र मारू नका, बाईंनी रवा एकच वाटी दिला आहे. हलगी आणि पखवाज दोन्ही दुपारच्या सुट्टीनंतर ओसरीवर आणणार आहोत. आजोबा येतो म्हणाले आहेत. शाईला बोट लावून बघायचे असेल तर आधी हात कोरडे करून या.

(इयत्ता सातवी)